कल्ले

आक्रात, सर्कलच्या पुलापाशी,
युरोपातल्या कचेऱ्यांनी टाकलेले लॅपटॉप
पुस्तकांसारखे उभे लावून ठेवतात.
पाठीवर अजून कुठल्या कुठल्या खात्याचे नंबर,
एकावर कुणा हाईकेचं नाव, निळ्या शाईत.

माझ्याकडे तीन हजार चारशे सेडी.
अकरा महिन्यांची भिशी.
वही काखेत मारून रोज संध्याकाळी येणाऱ्या
सेनानूच्या हातात मोजून दिलेली.

मला मयतांच्या फिल्म जोडायच्या आहेत.
हसू नका.
आमच्याकडे माणूस गेला की दोन-तीन कॅमेरे लागतात,
ऐपत असली तर ड्रोन,
आणि नंतर घरच्यांना पेन ड्राइव्ह हवा असतो.
रडणारा प्रत्येक जण त्यात दिसला पाहिजे,
पाकीट देणारा तर दिसलाच पाहिजे.
आजवर हे मी दुसऱ्याच्या मशीनवर केलं,
रात्री एक ते पाच, तासाचे बारा सेडी.

मुतारूनं आधी पातळ, रुपेरी पुढे केला.
उचलला तर वहीएवढा.
'यावर तू मंत्र्याच्या पोरीचं लग्नसुद्धा कापशील, बहिणी.'
रॅम किती?
आठ.
वाढवता येते?
तो पुलाकडे बघायला लागला.
बोर्डालाच डाख देऊन बसवलेली. जन्मली तेवढीच.

माझी आई केटाच्या बाजारात मासा घेते
तो चकाकी बघून नाही.
अंगठ्यानं कल्ला उचलते, आतला लाल बघते,
मग नाक जवळ नेते.
कोळीण रागावते. आईला त्याचं काही नाही.

मी जाडा उचलला. काळा, कोपरा उडालेला, हाईकेचा.
उलटा करून जाळीत फुंकर मारली.
धूळ आली, करडी, मऊ,
गालिच्यांची धूळ.
आमच्याकडची लाल असते.

दोन खाचा रॅमला, एक रिकामी.
बॅटरी पाऊण तास.
पडद्याचा डावा कोपरा पिवळट, त्यात
माझ्या मामाच्या मयतीतलं लाल कापड विटकरी दिसलं.
ते मात्र लागलं मला.
रंग बघायला पुढेमागे दुसरा पडदा घेईन, म्हटलं,
त्याचे पैसे आत्ताच कमी कर.

मग सहा मिनिटांचा तुकडा लावला बाहेर काढायला.
पंखा असा ओरडला की शेजारचा चार्जरवाला वळून बघू लागला.
'गरम होतोय म्हणजे काम करतोय,' मुतारू म्हणाला.
माणूसही तापात गरम होतो, मी म्हटलं. उघड.

त्यानं उघडला.
आतला लेप वाळून खरपुडीसारखा झालेला.
त्यानं तो नखानं खरवडला, नवा लावला,
वाटाण्याएवढा, अगदी मन लावून,
आणि त्या पाच मिनिटांत तो एकदाही खोटं बोलला नाही.

तीन हजार तीनशे पन्नास.
पन्नास घरी जायच्या गाडीला.

फाइलला नाव द्यायचं म्हणून मी माझं टाइप केलं.
झेड दाबलं तर वाय उमटलं.
कळा जर्मन, आतला मेंदू इंग्रजी.
पडद्यावर ड्यीफा नावाची कुणी उभी राहिली.
'स्टिकर देतो,' मुतारू म्हणाला.
नको. आठवड्यात बोटांना कळेल
की स्वतःपर्यंत पोचायला वाय दाबायचं.

द्झिफा.
आमच्या एवेत त्याचा अर्थ, काळीज निवलं.
आईनं ठेवलंय. का, ते ती सांगत नाही.

आता रात्रीचे अडीच. वीज आहे अजून.
मामा पुन्हा एकदा खांद्यांवरून नाचत नाचत चाललाय,
पट्टी नव्याण्णव टक्क्यांवर अडकलीय,
आणि मी जाळीपाशी तळहात धरून बसलेय.
हवा कढत.
थोड्या वेळानं, कढतच.
मग जरा