चकती

क्लाक्सविकच्या बंदरात दिवे लागले की
हानुस शर्टाची दोन बटणं सोडतो.
गळ्याच्या हाडाखाली, कातडीआड,
काडेपेटीएवढं यंत्र; तिथून एक तार
मानेतून वर, मेंदूत.
आज भुकेलंय.

बिला चकती टेकवते. जरा वर. नाही, डावीकडे. हां.
भोक नाही, वायर नाही,
तरी काहीतरी आत पाझरत राहतं
आणि चकती कोमट होते,
नुकत्याच उठलेल्या माणसाच्या उशीसारखी.

उद्या तोर्सहावनची नर्स पडद्यावर वाचेल:
मंगळवार, रात्री तीन, कंप जास्त.
तेव्हा तो चोरून जाळं सांधत होता
हे पडद्यावर उमटत नाही.

बिलानं पहाटे
चुकलेल्या सात गाठी सोडवल्या,
पुन्हा मारल्या,
एक मात्र तशीच ठेवली.