फुटका घेवडा

कोरेगावच्या गोदामात मी घेवडा निवडते.
वाघ्या. फिक्या गुलाबी अंगावर लाल पट्टे,
एकेका दाण्यावर कुणी निवांत बसून ओढल्यासारखे.
अख्खा डाव्या हाताच्या पोत्यात. तो दिल्लीकडं जातो,
तिथं त्याला राजमा म्हणतात.
फुटका, डागी, साल निघालेला उजवीकडं घमेल्यात.
त्यातला किलोभर शनिवारी आम्हाला मिळतो,
मजुरीतून वीस रुपये कापून.

केतकी म्हणाली, वाढदिवसाला केक नको, बर्गर कर.
साताऱ्यात पोवई नाक्यावर ऋतुजानं खाल्ला,
एकशे चाळीसला एक.
आम्ही चौघं. मी मनात गुणाकार केला
आणि म्हटलं, घरी करू.
"तुला येतो?"
"येतो की."
आयुष्यात कधी चाखला नव्हता.

रात्री भिजत घातला, सकाळी कुकरला लावला.
झाकण काढलं तर पट्टे गायब.
दर वेळी होतं हे, तरी दर वेळी मी वाकून बघते:
सगळा वाघ पाण्यात उतरलेला,
पाणी विटकरी, दाणे एकजात तपकिरी.
तांब्याच्या बुडानं रगडला.
कांदा, लसूण, मूठभर कोथिंबीर,
उन्हाळ्यात केलेलं तिखट दोन चमचे,
चव घेतली, अजून अर्धा.

पहिली टिक्की तव्यावर टाकली
आणि उलटताना तिचं पिठलं झालं.
दुसरीचंही.
दारातून बाळासो म्हणाले, "उसळ भाजतीयास व्हय?"
केतकी काही बोलली नाही.
ते जास्त लागलं.

मालनला फोन लावला.
गोदामात ती माझ्या शेजारी बसते,
जत्रेत कटलेटची गाडी लावते.
"पाणी प्यालाय त्यो," ती म्हणाली.
"फडक्यात बांध आन् पीळ. शिळी भाकरी हाय का?
चुरून घाल. आन् मग हात लावू नगंस त्येला,
अर्धा तास गप बसू दे."

अर्धा तास मला कुठला बसवतोय.
अत्तारांच्या बेकरीत गेले.
बर्गरचे पाव साताऱ्याहून मागवावे लागतात म्हणाले,
गोल हवे तर हे आहेत.
गोड बन. वरून आत टुटीफ्रुटी खोचलेली.
घेतले चार.

घरी येऊन मांडी घातली, बन पुढ्यात घेतले
आणि बोटाच्या टोकानं एकेक टुटीफ्रुटी वेचू लागले.
बनांना भोकं पडली बारीक, पडू देत.
बराच वेळ झाल्यावर केतकी हसायला लागली.
"काय गं?"
"आई, ताटात बघ."
लाल एका बाजूला होत्या,
हिरव्या दुसऱ्या,
आणि दोन तुटक्या वेगळ्या, काठाशी.

या खेपेला टिक्की धरली.
कडेनं करकरीत, मधे मऊ,
उलटली तरी गोल ती गोलच.
चक्क्यात लसूण कालवून बनाला फासला,
काकडी, टोमॅटो, कांद्याची एक अख्खी चकती.
बाळासोंनी बन बाजूला काढून ठेवला
आणि टिक्की भाकरीशी खाल्ली, दोन.
धाकटा समर्थ आतलं सोडून काकडीच खात बसला.
केतकीनं दोन्ही हातांनी धरून एवढा मोठा आ केला
की चक्का कोपरापर्यंत ओघळला.

मी विचारलं, "नाक्यावरच्यासारखा झालाय का?"
भरल्या तोंडानं ती म्हणाली,
"मला काय माहीत?
मी तरी कुठं खाल्लाय."

सोमवारी एक टिक्की कागदात बांधून नेली.
मालननं गोदामाच्या पायरीवर बसून खाल्ली,
जिभेनं दातांमागं शोधत, हळूहळू.
"मीठ कमी हाय," म्हणाली.
मग हात पदराला पुसले,
पोतं पुढं ओढलं,
आणि आम्ही पुन्हा डावी-उजवी सुरू केली.
आज उजव्या घमेल्यात
माझा हात जरा जास्तच जात होता.
मालननं बघितलं.
बोलली नाही.