कोगनोळीच्या पुढे

भाऊबीज आटोपून तिसऱ्या दिवशी पहाटे
धनकवडीच्या पार्किंगमधून आम्ही काढली
महानंदाच्या बाबांची जुनी अल्टो,
जिचा मागचा डावा दरवाजा फक्त आतून उघडतो.
आईनं चकल्यांचा डबा दिला, फडक्यात बांधून,
"कागलच्या पुढं काय मिळेल, सांगता येत नाही."
आईचा नकाशा कागलला संपतो.
महानंदा काही बोलली नाही.
डबा मांडीवर घेतला फक्त.

खंबाटकीच्या वळणांवर रेडिओ खरखरत गेला.
मग नुसता इंजिनाचा आवाज,
आणि साताऱ्याजवळ हळूहळू दिसू लागलेले डोंगर.

अकरावीपासून ओळखते हिला.
हजेरीत 'हुक्केरी' आलं की वर्ग हसायचा.
चहा तो, ती की ते, यात अडखळायची,
आणि आम्ही मुद्दाम विचारायचो,
"नंदा, दूध सांडला की सांडली?"
मीही विचारायचे. दोनदा तरी.

सीमा आली तेव्हा आम्ही भांडत होतो,
फास्टॅगमध्ये पैसे कोणी भरायचे होते यावरून.
भांडण मिटलं तोवर ती मागं पडली होती.
मला बघायची होती सीमा!
आयुष्यात पहिल्यांदा स्वतः गाडी चालवत
राज्याबाहेर गेले, आणि दिसलंच नाही काही?
म्हणून पुढून वळलो, परत आलो,
दूधगंगेच्या पुलावर गाडी हळू केली.
खाली मंद पाणी, एक म्हैस,
दोन्ही काठांवर ऊस.
शेंगा उकडणाऱ्याला विचारलं, "काका, बॉर्डर नक्की कुठं?"
तो म्हणाला, "काल तर हितंच होती."
आणि दहाच्या शेंगा दिल्या, मापाला वर दोन मुठी.

निपाणीत खिडकीतून तंबाखूच्या वखारी आत आल्या.
पाट्यांवरची अक्षरं गोल झाली.
एवढ्या वर्षांची अक्षरओळख
एका वळणावर माझ्या हातातून सांडली,
सांडली की सांडला की सांडलं, कोण जाणे.

संकेश्वरला चहाच्या टपरीवर
ती बोलायला लागली.
भरभर, हात हलवत, मान मागं टाकून हसत.
हा आवाज मी ऐकलाच नव्हता कधी.
टपरीवाला हसला, त्याची बायको हसली,
बाकावरचा एक म्हातारा माझ्याकडे बघून हसला,
आणि मी ग्लास दोन्ही हातांत धरून
सगळ्यांच्या मागून, उशिरा हसले.
"काय सांगितलंस गं?"
"तुला येत नाही म्हणून सांगितलं."
एवढंच म्हणाली. साखर ढवळत राहिली.

हुक्केरीला मावशीकडे दोन रात्री.
ताटात भाकरी, शेंगाचटणी, आईच्या चकल्या.
मावशीनं एक मोडून पाहिली, नाकाशी नेली,
मग डबा सरळ फळीवर, पोरांच्या हाताबाहेर.
कौतुक होतं ते, हे मला
महानंदानं रात्री गच्चीवर सांगितलं.
आणखीही काही सांगितलं तिनं त्या रात्री,
ते इथं लिहिणार नाही.

निघताना मावशी गाडीच्या खिडकीशी वाकली:
"होगि बा."
महानंदा अर्थ सांगायला वळली तर
मीच म्हणाले, "थांब. जाऊन ये, ना?"
आमच्याकडेही उंबऱ्यावर 'जाते' म्हणत नाहीत.

परतीला सीमा पुन्हा हुकली.
या वेळी मी झोपले होते.

धनकवडीत शिरलो तेव्हा रात्रीचे अकरा,
गल्लीत कुणाचा तरी उरलेला आकाशकंदील,
वॉचमन गेट ओढत विचारतो,
"दिसला न्हाई ताई चार दिस? कुठं गेलता?"
ती तोंड उघडणार, तेवढ्यात
जिचा जन्म, शाळा, सगळं याच पिनकोडातलं,
जिला सुट्टीत जायला कुठलंच गाव नव्हतं,
ती मी म्हणाले, "गावाला."

महानंदानं माझ्याकडे पाहिलं.
मग मागं वाकून, आतून,
डावा दरवाजा उघडला.