सोडलेली जागा

लिनोलियमचा तुकडा आधी रेडिएटरवर ठेवते.
गार असला की सुरीचं ऐकत नाही,
कडेनं भुगा पडतो, रेघ फाटते.
बाहेर कर्कबी स्टीफनच्या दगडी छपरांवर एप्रिलचं बर्फ,
उशिरा आलेलं, पाहुण्यासारखं ओशाळलेलं.

ही खोली चॅपलच्या मागची. पूर्वी इथे
रविवारच्या शाळेची पोरं खडूनं नोहाचं तारू काढत.
आता एक लोखंडी प्रेस, शाईचे डबे
आणि विनिफ्रेड हार्कर, वय एक्याऐंशी,
जी माझ्या मनगटावर हात ठेवून एवढंच म्हणते:
जे कापशील त्याचा उजेड होईल. जपून.

माझे वडील नगरला मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवत.
उलट अक्षर त्यांना सुलट वाटायचं,
दुकानाच्या पाटीपुढे मात्र क्षणभर थबकत.
शुभवर्तमान त्यांना बोटांनी पाठ होतं,
शिशाच्या वजनासकट.
मी इथे पहिल्यांदा ‘शांती’ कोरली ती सुलटच.
कागदावर पाठ फिरवून उभी राहिली.
शिरोरेषा तेवढी फसली नाही,
ती दोन्हीकडून सारखीच.
वडील असते तर हसले असते, मिशीतल्या मिशीत.

या खेपेला टिटवीचं घरटं.
घरटं कसलं, जमिनीतला खळगा,
मातीच्या रंगाची चार अंडी,
निमुळती टोकं आत, एकमेकांना टेकलेली.
आमच्याकडे रात्री टिटवी ओरडली की
शेजारची सरूबाई चुलीत मीठ टाकायची,
कुणाचं तरी बोलावणं आलं म्हणायची.
इथे लोक त्या ओरडण्याची वाट पाहतात,
दर वर्षी थोडं कमी ऐकू येतं.

ऑल्डरसनच्या रानात पाहिलं मी ते.
सगळं नांगरलेलं,
आणि मध्ये जेवणाच्या टेबलाएवढा तुकडा तसाच,
राठ गवताचा. ट्रॅक्टरची चाकं वळसा घालून गेलेली.
वहीत मी आधी अंडी नाही काढली.
वळसा काढला.

एकाच तुकड्यातून सगळे रंग काढायचे:
आधी फिकट, तो छापायचा, मग पुन्हा कापायचं,
गेरू छापायचा, पुन्हा कापायचं,
शेवटी टिटवीच्या पाठीचा काळा-हिरवा.
चूक झाली तर माघार नाही.
रंगागणिक तो रिता होत जातो,
हातात उरतं ते जवळजवळ काहीच नसतं
आणि दोरीवर तीस ओले कागद.
उत्तम शुक्रवारी संध्याकाळी
मी तो खिडकीशी उजेडाकडे धरला.
मागचं गोणपाट दिसलं.
जखमेतून हाड दिसावं तसं, असं लिहिणार होते.
खोडलं. गोणपाट दिसलं, एवढंच.

रविवारी उपासनेनंतर चित्रं चॅपलात टांगली.
मंडळीचे खजिनदार मिस्टर पोस्लथ्वेट
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, पक्षी छान.
पण वधस्तंभ कुठंय?
पुनरुत्थानाचा सण आहे म्हणून विचारतो.
मला उत्तर येईना.
इंग्रजीत येईना, मराठीतही.
विनिफ्रेड चहाच्या कपात बघत होती.

ऑल्डरसन दाराशी उभा होता, टोपी हातात,
बुटांना शेण. इतक्या वर्षांत
चॅपलाच्या आत न आलेला माणूस.
तो पुढे आला, वाकला,
नाक कागदाला लागेल इतका.
माझंच रान, म्हणाला.
मग चार अंड्यांवरून बोट फिरवलं, न टेकवता,
एकदा उभं, एकदा आडवं, मोजल्यासारखं.
सकाळी तीन फुटली होती, म्हणाला.
चौथं आतून टोचत होतं.

मिस्टर पोस्लथ्वेटनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला.
मी त्यांना म्हटलं, जरा मागे सरका,
शाई अजून ओली आहे.