चिऱ्यात लोखंड असतं

सहा बावन्न: चार दांड्या.
सात दहा: तीन.
सात बारा: एक, तीही पिवळ्या त्रिकोणासकट.
हा सातबारा जमिनीचा नव्हे, पण उतारा आहे खरा.

वहीत लिहून ठेवतो. सवय जात नाही.
सव्वीस वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर
टिपर आला की रिकामा, गेला की भरलेला,
वजाबाकी कधी एका किलोनं चुकली नाही.
आता वेळग्याला घरी बसून
हवेचं वजन करतो.

सोप्यावर पुंडलिक गावकर बसलाय.
मांडीवर पिशवी, पिशवीत आधार, पासबुक,
आणि फंडाचा नंबर लिहिलेलं आगपेटीचं खोकं.
त्याचा मोबाइल टुंग करतो.
"आयलो गा, आयलो! चार, शून्य, नऊ..."
आणि नेमकं तेव्हाच पडद्यावरचं चाक फिरायला लागतं,
चिखलात रुतलेल्या टायरसारखं,
जागच्या जागी.
दहा मिनिटांत ते सहा आकडे मरतात.
आज तिसऱ्यांदा मेले.

करायचं ते सगळं केलं.
राउटर बंद करून शंभर मोजले;
बायको म्हणाली, उचकीवरही हेच औषध.
संगणकाच्या पाठीत खोचलेली चिमुकली काडी
काढून पोटात खोचली.
पासवर्ड त्याला विसरायला लावला,
पुन्हा शिकवला, अक्षर अक्षर.
चॅनेल अकरावरून सहावर, सहावरून एकवर,
भरतीच्या वेळी बार्ज वळवावी तसं.
लोखंडी कपाट सरकवलं. कंबर धरली.
मग संशय सुलक्षेच्या मायक्रोवेव्हवर गेला.
तीन दिवस कालचं हुमण थंडच खाल्लं आम्ही.
सिग्नलला फरक नाही पडला,
आमच्या बोलण्याला पडला.

शेवटी म्हापशाहून ब्लेझ आला,
कानात एक बाळी, हातात ड्रिल.
राउटरकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.
भिंतीवर बोटानं टकटक केली,
डॉक्टर पाठीवर करतो तशी.
"अंकल, किती जाड?"
"दीड हात. आतबाहेर चिरा."
"मग झालं. चिऱ्यात लोखंड असतं, अंकल.
आणि तुमची भिंत अजून ओल धरून आहे."

मला सांगतोय. मला.
मी काही बोललो नाही.
एवढं लोखंड माझ्या काट्यावरून नदीवर गेलं,
नदीवरून बंदरात, बंदरातून कुठल्या कुठे,
पावती माझ्या सहीची.
आणि जे गेलं नाही
ते इथं, माझ्याच खोलीच्या भिंतीत बसून
पुंडलिकचे आकडे गिळत होतं.

केबल टाकायला ब्लेझनं भोक पाडलं.
तांबडी धूळ उडाली,
राउटरवर, कीबोर्डवर, माझ्या पांढऱ्या मिशीवर.
सुलक्षा जुना पेपर घेऊन धावली.
तेवढ्यात पुंडलिक उठून आला,
चिमूटभर धूळ घेतली, बोटांत चोळली.
"रिजेक्शन," म्हणाला. "तीस. फार तर बत्तीस."
"पस्तीस," मी म्हणालो. घर माझं होतं.
"खंयचें पस्तीस!"
बरीच वर्षं झाली होती आम्हाला असं भांडून.
नेट केव्हा सुरू झालं
कुणीच पाहिलं नाही.

आता वायरीला दांड्या नसतात.
वहीत काय लिहायचं?
सात बारा: आहे. एवढंच लिहिलं.

फंडाचं पान चटकन उघडलं.
चाक नाही, त्रिकोण नाही.
नोकरी सोडल्याचं कारण निवडा, म्हणालं.
खाली यादी: निवृत्ती, राजीनामा, मृत्यू, विवाह.
मी वरखाली केलं, दोनदा.
खाण बंद झाली, असं त्यात नव्हतं.

पुंडलिक चष्मा पुसत वाकला.
धूळ अजून त्याच्या नखांत होती.
"कितें विचारता तो?"
मी सांगितलं.
तो बराच वेळ यादी वाचत राहिला.
पान तसंच थांबून राहिलं,
एकदाही तुटलं नाही.