पांढरं कोणतं धरायचं

सेलूच्या जिनिंगमध्ये कापसाचे फोटो काढायला बोलावलं.
गंजीला पाणी लागलेलं, विम्याचे साहेब परभणीहून यायचे,
त्याआधी टिपून ठेवा, म्हणाले मुनीमजी.
शेडमध्ये उजेड दोन जातींचा:
दारातून दुपार, वर सोडियमचा दिवा.
'ऑटो'वर कॅमेरा बावचळला.
एका फोटोत कापूस निळसर,
पुढच्यात हळद लावून बसलेला.

व्हाइट बॅलन्स हातानं लावावा म्हणून
पिशवीत कोरा कागद शोधला.
नव्हता.
मग आजूबाजूला पांढरं बघत सुटले:
चुन्याची भिंत, तिला ओल चढलेली,
मुनीमजींचा सदरा, त्याला नीळ जास्त.
नवाज हमाल हसला,
"कापसात उभी राहून पांढरं हुडकायलीस व्हय ताई?"

खरंच की.
गंजीतून मूठभर घेतला, भिंगासमोर धरला,
बटण दाबलं.
कॅमेऱ्यानं मुकाट ऐकलं.
आणि फोटोत सगळी गंजी
पहिल्या वेचणीची, धुतल्यासारखी.
पाणी नाही, डाग नाही, पिवळं नाही.
"हे तर एक नंबर दिसायलंय," मुनीमजी कपाळाला हात लावून,
"विमा कोण देतंय मग?"

त्याला स्वतःचं पांढरं नसतं.
तुम्ही दाखवाल ते पांढरं,
आणि बाकीचं जग त्याच्या मापानं.

आप्पा ह्याच दारात बसायचे, एकतीस वर्षं, ग्रेडर.
उत्तरेकडं तोंड, चिमटीत कापूस,
तंतू ओढून, जरा उजेडाला लावून,
एक शब्द: पहिला. दुसरा. बाजूला.
त्या शब्दावर गाडी हसत जायची नाहीतर गप्प जायची.
शेवटची पाच-सहा वर्षं
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता,
चहाचं पाणी हळूहळू उतरावं तसा,
आणि ते कुणालाच कळलं नाही,
डोळ्यांच्या मालकालाही नाही.

जालन्याला ऑपरेशन झालं. पट्टी निघाली.
कॉटवरची चादर बघितली, भिंत बघितली,
माझी ओढणी हातात घेऊन म्हणाले,
"ही निळी कधी झाली?"
सकाळचं दूध बराच वेळ पुढ्यात तसंच.
परतीच्या गाडीत मानवत रोडपर्यंत काही बोलले नाहीत.
मग एकदम,
"वालूरच्या सटवाजीचा माल. त्या साली.
मी त्याला कुठं टाकला होता, आठवतं का तुला?"
मला कसं आठवावं. मी तेव्हा कॉलेजात.

पर्समध्ये त्यांच्या ड्रॉपचं रिकामं खोकं होतं.
उसवून उलटं केलं. आतली बाजू, काही न छापलेली.
वरचा दिवा बंद करायला लावला,
खोकं गंजीला टेकवून धरलं, दाबलं.
आता आला पिवळा. जिथं होता तिथं,
खालून वर चढलेला, कडेला तपकिरी.
नवाज मागून वाकून म्हणाला, "हां. हे आपलंच."

संध्याकाळी आप्पांना स्क्रीनवर दाखवलं.
चष्मा वर केला, खाली केला.
अंगठा आणि बोट काचेवर
नुसतंच घासलं, तंतू ओढावा तसं.
"दुसरा," म्हणाले.
थोड्या वेळानं, स्वयंपाकघरात मी असताना,
"दारात नेऊन बघ गं एकदा.
उजेड आहे तोवर."