०:४१ ते ०:५२

दुकानाचं शटर अजून अर्धंच वर होतं,
तेव्हा निळ्या पट्टीत ओळ आली:
तुमच्या चित्रफितीतील ध्वनीवर
अन्य मालकाचा हक्क आढळला आहे.
०:४१ ते ०:५२.

अकरा सेकंद.
त्या अकरा सेकंदांत माझा बाप
जगनाथ बुधवारीत, पाण्याच्या ड्रमवर उभा राहून
पिवळ्या मारबतीच्या तोंडासमोर ओरडतोय:
खोकला-पडसं, महागाई, लोडशेडिंग
घेऊन जाय गे मारबत!
आणि मग खोकतो.
दोनदा. तिसरा अर्धाच, गिळलेला.

(महागाईचं माहीत नाही,
खोकला काही ती घेऊन गेली नाही.
बावीस वर्षांची पॉवरलूमची रुई होती ती छातीत.)

चित्रण माझंच, दोन हजार अकराचं,
कडेला माझं बोटही दिसतं, लालसर, जाड.

मालक कोण, तर एक कंपनी.
नाव असं की टूथपेस्टचंही असू शकतं.
त्यांनी आरोळी उचलली, खाली ढोल घातला
आणि खोकला काढला नाही.
ठेक्यात बसवला.
आता दर सोळा मात्रांनी मोतीराम नंदनवार खोकतात
आणि पोरं हात वर करतात.

सिव्हिल लाइन्समध्ये मुळमुले बाईंनी चष्मा कपाळावर नेला.
"आरोळी कुणाचीच नाही," म्हणाल्या, "ती गावाची.
पण गळा वडिलांचा. सादर करणाऱ्याचा हक्क असतो.
पन्नास वर्षं."
बाप एकूण अठ्ठावन्न जगला.
त्यातली हक्काची किती, कधी विचारलंच नव्हतं.
"पुरावा? करार, पावती, काही?"
"खोकला आहे ना, बाई."
त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

अर्जात एक चौकोन होता:
ही तुमची मूळ निर्मिती आहे का?
टिचकी मारायची फक्त.

बोट माऊसवर, आणि शेजारच्या खिडकीत
रितेश पौनीकरच्या वाढदिवसाचं फ्लेक्स, दहा बाय वीस.
रितेशमागे वाघ, वाघामागे काळंनिळं आभाळ.
वाघ नेटवरचा. आभाळही नेटवरचं.
आभाळावर तिरकं, पांढुरकं, कुणाचं तरी नाव;
अर्धं मी रात्रीच पुसलं होतं.
माझ्या दरपत्रकात ते लिहिलेलंच आहे, लॅमिनेट करून:
वॉटरमार्क काढणे, पन्नास रुपये वेगळे.
इतक्या वर्षांत एकही नाव
शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

उरलेलं वाचलं: "...लेना".
बाई असावी.
एवढं आभाळ मिळायला
कुठल्या बांधावर, किती वेळ उभी राहिली असेल,
तिथे वारा होता का, थंडी होती का,
आणि मागून कुणी हाक मारत होतं का, चल आता म्हणून.

नाव परत आणता येत नाही.
पुसलेल्या जागी मशीन शेजारचा ढग भरते,
आणि खरं सांगू, फार छान भरते.

चौकोनात टिचकी मारली. मारणारच होतो.
खोटं नव्हतं ते.
फक्त बोट तेच होतं.

"वाघ थोडा मोठा कर ना बे," पौनीकर म्हणाला.
केला.
वाघाच्या कानामागे तिचं उरलेलं नावही गेलं.
पन्नास रुपये लावले नाहीत.
त्याला वाटलं, ओळखीतले म्हणून.

सात दिवसांत कळवू, असं उत्तर आलंय.
सात होऊन गेले.
आज विसर्जन. बडकस चौकाकडून ट्रक वळतोय,
दुकानाच्या काचा आधी थरथरतात, मग ऐकू येतं.
मी प्रिंटर मध्येच थांबवतो.
थांबवू नये; शाई ओली असताना
आडवी रेघ पडते, कुणाच्या तरी कपाळावर.
पडो.
बारा, तेरा,
चौदा, पंधरा